भावजींची लाल काच

फोटोवाल्या भावजींना एका जागी उभं राहणं ठाऊकच नव्हतं. यांचे जिवलग मित्र, म्हणून माझे भावजी. नांदेडात त्यांचं फोटोचं दुकान होतं. पण माणूस दुकानात सापडेल तर शपथ!

फोटो काढायचा म्हणजे आधी अर्धा तास नुसती धावपळ. काळा पुठ्ठा वळून केलेलं टोपडं कॅमेऱ्याच्या भिंगाला चढवायचे, काढायचे, पुन्हा चढवायचे. “वहिनी, हलू नका, ऊन आत शिरून राहिलं!” म्हणत स्वतःच गोल फिरायचे. मी म्हणायची, “भावजी, हलतंय कोण?”

टोपड्याहून जास्त जीव रंगीत काचांवर. पिवळी, हिरवी, लाल. धोतराच्या सोग्यानं पुसून भिंगापुढं लावायच्या. “बिनकाचेचं आभाळ म्हंजे नुसतं धुतलेलं फडकं,” म्हणायचे.

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस. हे चळवळीत होते. वॉरंट निघालं, हद्दीपलीकडं जायचं ठरलं. माझा एक फोटो सोबत हवा म्हणाले. भावजींनी मला गोदावरीच्या घाटावर उभं केलं. मागचे ढग उठून दिसावेत म्हणून लाल काच लावली. दुसऱ्या दिवशी काळापांढरा फोटो आला. ढग काय सुरेख! आणि माझ्या कपाळावर कुंकूच नाही.

सासूबाईंनी फोटो पालथा घातला. “पोरगा निघाला, आन् त्याला असलं कपाळ दाखवता?” भावजी पांढरेफटक. “लाल काचेतून लाल रंग फिका पडतो, काकू. माझ्या ध्यानातच न्हाई आलं!” हे हसले, फोटो खिशात घातला आणि गेले.

तेव्हापासून भावजी रोज दोनदा दारात. आधी माझ्या कपाळाकडं बघायचे, मग विचारायचे, “काई खबर?” चहा होईपर्यंत गायब. एकदा मी चिडलेच. “अहो, काचेनं माणसं मरत नसतात!”

“न्हाई वहिनी, माझीच चूक हाय.” राग यायचा आणि जीवही तुटायचा.

मग एके सकाळी बाजारात बातमी उठली: सरहद्दीवर गोळी चालली, त्यात हे गेले. मी कुंकू पुसलं नाही. पक्की खबर देणारी चिठ्ठी आल्याशिवाय पुसणार नाही, असं मीच म्हणाले. भावजी मात्र त्या दिवशी फिरकलेच नाहीत. दुकानाला कुलूप घालून दुपारच्या गाडीनं निघून गेले. शेजाऱ्याला म्हणाले होते, “वहिनीचं कपाळ मला बघवणार न्हाई.”

आठवड्यानं यांच्याच हातची चिठ्ठी आली. पुढं राज्य पालटलं आणि हे धडधाकट घरी आले.

भावजींना किती शोधलं! लातूर, अहमदपूर, हैदराबाद; येईल त्याला विचारलं. पत्ता लागला नाही. हे त्यानंतर चाळीस वर्षं जगले. आणि तो वेडा माणूस कुठंतरी मला विधवा समजूनच फिरत राहिला.