शैलाच्या नावाची पाकिटं

पोटावर ओतलेल्या त्या जेलचा गारवा माझ्या कातडीला अजून आठवतो. फेब्रुवारीतली सकाळ होती. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलवर राखी, ओलसर आकाश उतरलं होतं आणि आमच्या भागातल्या दवाखान्याच्या एका अरुंद खोलीत शर्ट छातीपर्यंत वर घेऊन मी उताणा पडलो होतो. या देशात पुरुषाला पासष्टाव्या वर्षी एक पत्र येतं. पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला कुठे फुगवटा तर आलेला नाही ना, हे बघायला या, असं सांगणारं. समोरच्या काळ्या पडद्यावर माझ्याच देहातला तो अंधारा प्रवाह संथ लयीत उसळताना मी पाहिला. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. "ऑल फाइन," म्हणत त्या तंत्रज्ञ मुलीने पोट पुसायला निळा कागद दिला.

बाहेर माझी बायको, शैला, मांडीवर माझा कोट घेऊन बसली होती.

"काय म्हणाले?"

"काही नाही. सगळं ठीक आहे."

"मग? उगाच दोनदा पुढे ढकललंत," ती म्हणाली, आणि कोट माझ्या हातात देऊन उठली.

मला तपासणीला नेणारी तीच होती. आमच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर होतं. त्यावर कौन्सिलच्या कचरागाडीच्या वारांसोबत आमच्या तिघांच्या देहांचं वेळापत्रक तिच्या बारीक, वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं. माझं ब्लडप्रेशर, आमची मुलगी ऋचा हिचे दात, चाळिशीनंतरचं कोलेस्टेरॉल, सगळं त्यात असे. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये स्तनांच्या एक्स-रेची व्हॅन आली की ती भाजीची पिशवी घेऊनच तिकडे जायची आणि परतताना कोथिंबीर आणायची. शौचाचा नमुना पाठवायचं किट पोस्टाने आल्यावर मी आठवडाभर त्याच्याकडे बघून तोंड फिरवलं, तेव्हा "विमानांची पोटं तपासता आणि स्वतःच्या पोटाची लाज वाटते?" असं विचारून तिनेच मला गप्प केलं होतं.

ते खरंच होतं. बत्तीस वर्षं मी विमानांचे भाग तपासण्याचं काम केलं. धातूला थकवा येतो. डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी भेग आतल्या आत वाढत जाते, आणि म्हणून अमुक इतकी उड्डाणं झाली की काही दुखत-खुपत नसतानाही तो भाग तपासायचाच असतो. हे मी नव्या माणसांना शिकवत असे. सांगलीतले माझे वडील हयात असेपर्यंत म्हणायचे, "दुखत नाही तर डॉक्टरकडे कशाला?" त्यांच्या त्या वाक्याला मी इंग्लंडात येऊन हसायला शिकलो होतो. माणूस किती सहज स्वतःला शहाणा समजू लागतो.

इथे वय आरशातून कळण्याआधी टपालाने कळतं. ऋचाला पंचविसावं लागायच्या आधीच एक पत्र आलं. चाळिशीनंतर वेगळं, पन्नाशीनंतर वेगळं, पासष्टीला वेगळं. देहाच्या प्रत्येक वळणावर कुणीतरी अनोळखी कारकून उभा असावा आणि त्याने अदबीने आपलं नाव पुकारावं, तसं. शैलाच्या नावाचीही एका जातीची पत्रं येत, दर काही वर्षांनी, मग आठवणीची आणि पुन्हा आठवणीची. ती पाकिटं मात्र कॅलेंडरपर्यंत कधी पोचली नाहीत. ती उचलायची, दोनदा दुमडायची आणि टेबलमॅट्स ठेवायच्या खणात सरकवायची. हे मी पाहिलं होतं. एकदा नव्हे, अनेकदा. आतल्या पत्रात काय असेल याचा अंदाज मला नव्हता असंही नाही. बायकांचं काहीतरी असेल, असं मनाशी म्हणून मी पेपर उलगडत असे. त्या 'बायकांचं' या शब्दात किती सोय होती, आणि किती भित्रेपणा, याचा विचार तेव्हा मी का केला नाही?

माझ्या तपासणीनंतरच्या हिवाळ्यात शैला वाळू लागली. पाठ दुखते म्हणायची, गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायची. एका दुपारी मी बाजारातून लवकर परतलो, तर ती न्हाणीघरात वाकून गार पाण्याखाली काहीतरी चोळत होती, आणि बेसिनमधलं पाणी लालसर होतं. पाळी जाऊन तिला दहा वर्षं झाली होती.

"हे कधीपासून?"

ती वळली नाही. "दिवाळीच्या आधीपासून," म्हणाली. "तुम्ही बाहेर जा जरा."

त्यानंतर सगळं फार झपाट्याने घडलं. भागातल्या डॉक्टरने त्याच दिवशी पुढे पाठवलं, दोन आठवड्यांच्या आत आम्ही हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंसमोर होतो. त्यांनी अगदी मवाळ आवाजात विचारलं, की याआधीची गर्भाशयमुखाची तपासणी केव्हा झाली होती. शैला खिडकीकडे बघत राहिली. मग इंग्रजीत म्हणाली, "मुलगी झाल्यानंतर. एकदाच." ऋचा तेव्हा तिशीची होती. बाईंनी ते लिहून घेतलं. त्यांच्या पेनाचा तो हलका आवाज मी ऐकला. तीस वर्षांच्या संसारात मी जे विचारलं नव्हतं, ते एका परक्या बाईने अर्ध्या मिनिटात विचारून टाकलं होतं.

गाठ गर्भाशयाच्या मुखावर होती आणि तिथून बाहेर सरकली होती. किरणं झाली, औषधं झाली. उन्हाळ्यात थोडे दिवस बरे गेले. तिने मागच्या अंगणात मेथी पेरली, ऋचा लंडनहून, ईलिंगहून, शनिवार-रविवारी यायची. तिघं मिळून उन्हात बसायचो. ऑक्टोबरात दुखणं परत आलं, आणि या वेळी डॉक्टरीणबाईंनी उपायांविषयी नव्हे, आरामाविषयी बोलायला सुरुवात केली.

हिवाळा तिने घरीच काढला; एप्रिलमधले शेवटचे तीन आठवडे ती हॉस्पिसमध्ये, अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहात, होती. तिथल्या एका दुपारी, उन्हाचा तिरपा पट्टा पांघरुणावर पडलेला असताना, तिने आपणहून सांगितलं. ऋचा चार महिन्यांची असताना, आम्ही राहत होतो त्या पहिल्या गावात, ती तपासणीला गेली होती. आत घातलेलं ते यंत्र थंडगार होतं, ती कळवळली. तपासणारी बाई वैतागून म्हणाली, की बाकीच्या बायका एवढा गाजावाजा करत नाहीत. तेवढ्यात दार उघडून कुणीतरी फाइल न्यायला आत आलं. पुरुष होता. त्याने पाहिलं की नाही, ठाऊक नाही. शैला तशीच उठली, कपडे केले आणि बाळाची गाडी ढकलत दोन मैल चालत घरी आली.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? आपल्यात तसले शब्दच नव्हते." श्वास घ्यायला तिला जड जात होतं. "तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं का, ते मला माहीत नाही. पण तुम्ही विचारलं नाहीत."

त्यात आरोप नव्हता. आरोप असता तर मी स्वतःची बाजू मांडली असती, निदान मनातल्या मनात. पण ती नुसती एक नोंद होती, कॅलेंडरवर लिहावी तशी.

मग ती म्हणाली, "ऋचाला विचारा. ती जाते का तपासणीला, ते."

"तू विचार ना. तुझं ऐकेल ती."

"मला नाही जमणार. दोनदा प्रयत्न केला. तुम्ही विचारा. मला शब्द द्या."

मी शब्द दिला. मुलीच्या आईला जे जमत नाही ते बापाला कसं जमावं, एवढंही तिला विचारलं नाही. नवव्या दिवशी ती गेली.

दिलेला शब्द मी चार महिने पाळला नाही. दर रविवारी ऋचाचा फोन यायचा, मी जेवलो का, हीटिंग लावलं का, हे ती विचारायची, आणि मी तिला हवामान सांगायचो. शैला ज्यामुळे गेली त्याच मुकेपणाने मी रोज सकाळी चहा करून प्यायचो. शेवटी ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी गाडी काढून ईलिंगला गेलो. वाटेत सर्व्हिस स्टेशनवर थांबलो आणि गाडीच्या काचा बंद करून 'गर्भाशयाचं मुख' हे दोन शब्द तीन-चार वेळा मोठ्याने म्हणून पाहिले. अडुसष्टाव्या वर्षी मी मुलीशी बोलायला माझीच भाषा घोकत होतो.

तिने पोहे केले होते. जेवणाच्या टेबलावर मी चमचा खाली ठेवला आणि बोललो. तिला पत्रं येतात का, आणि ती जाते का.

ऋचाने आपली ताटली बाजूला सरकवली. तिचं मराठी इथे जन्मलेल्या मुलांचं, लिंगांच्या चुकांनी भरलेलं. पण घरातल्या महत्त्वाच्या गोष्टी ती मराठीतच बोलते.

"बाबा, तीन वेळा आला तो चिठ्ठी. मी गेले नाही."

"का गं?"

"आई म्हणाली होती, नको जाऊ. मी ट्वेंटी-फाइव्हची होते तेव्हा. फार दुखतो म्हणाली. आणि अजून लग्न नाही झाला, तर कशाला, लोक काय समजतील. मग आई आजारी झाली. मग मला भीती वाटली."

म्हणजे हे होतं तर. हॉस्पिसमधल्या त्या दुपारी शैलाला कुठला शब्द जड जात होता, ते मला आत्ता कळलं. आपलं भय तिने मुलीच्या हाती दिलं होतं, मायेनेच दिलं होतं, आणि ते परत मागायला तिच्यात बळ उरलं नव्हतं.

मी म्हटलं, "तुला विचारायला तिनेच मला सांगितलं होतं. जायच्या आधी. मी उशीर केला."

ऋचाने वर पाहिलं. "आईने सांगितलं?"

"हो. माझ्याकडून शब्द घेतला."

तिने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबून धरले. मग उठून माझी ताटली उचलली आणि सिंकपाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "तू येशील माझ्याबरोबर?"

पुढच्या पंधरवड्यात मी गेलो. बायकांनी भरलेल्या त्या छोट्या प्रतीक्षागृहात कोट मांडीवर घेऊन बसलेला मी एकटाच म्हातारा होतो. आतली नर्स पन्नाशीची, हसतमुख. दाराशी येऊन ऋचाला म्हणाली, की मध्येच थांब म्हणालीस तर मी तिथल्या तिथे थांबेन. दार लागलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. ऋचा बाहेर आली तेव्हा अकरा मिनिटं झाली होती, आणि त्यातली बरीचशी बोलण्यात गेली होती.

"झाला, बाबा. थोडा अनकम्फर्टेबल होता. एवढंच."

एवढंच. त्या एवढ्याशा गोष्टीच्या भोवती माझ्या घरात तीस वर्षं मौन उभं होतं.

निकाल चांगला आला नाही. या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू सापडला, पेशी बदललेल्या सापडल्या, बऱ्यापैकी बदललेल्या. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा तसाच लांब, पॉलिश केलेला कॉरिडॉर. उपचाराची तारीख येईपर्यंतच्या तीन आठवड्यांत मी किती वेळा शैलाच्या पाकिटांचा खण उघडला आणि बंद केला, ते मोजलं नाही. मग एका मंगळवारी, नुसती जागा बधिर करून, त्यांनी तेवढा भाग काढून टाकला. जागी राहून ऋचा छताकडे बघत होती. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत सारं स्वच्छ निघालं. डॉक्टरने आम्हा दोघांना बसवून सांगितलं, "हा कॅन्सर नव्हता. आणखी काही वर्षं तसंच राहिलं असतं तर कदाचित झाला असता. ही तपासणी नेमकी यासाठीच असते."

ऋचा कॉरिडॉरमध्येच मैत्रिणीला फोन करायला लागली. मी पार्किंगमध्ये येऊन गाडीपाशी उभा राहिलो. मला आनंद झाला होता, अगदी निखळ. आणि त्याच क्षणी माझ्या पायाखालून काहीतरी सरकलं. शैला गेल्यापासून मी एका समजुतीच्या आधाराने जगत होतो. दुखणं असं असतं, तपासणी केली असती तरी कदाचित उपयोग झाला नसता, कोण सांगणार, असं मी स्वतःला समजावत आलो होतो. कुणी सांगत नव्हतं म्हणून ती समजूत टिकून होती. आता माझ्या मुलीच्या देहानेच ते सांगितलं. जिथे आईला गाठ आली त्याच जागी लेकीला सुरुवात झाली होती, आणि ती वेळेवर दिसली, म्हणून लेक वाचली. ज्या बातमीने मला ऋचा परत दिली, तिनेच मला सांगितलं की शैलाही वाचली असती.

ऋचा धावत आली, माझा चेहरा बघून थबकली. "बाबा, तू रडतोयस?"

"आनंद झालाय गं," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. उरलेलं मी तिला सांगितलं नाही, आणि कधी सांगणारही नाही. तिने तिच्या वाट्याचं भय पेललं आहे. हे माझ्या वाट्याचं आहे.