दिसतं तेवढंच लिहिणारे भावजी

माझे धाकटे दीर नोकरीभर पाण्याचे मीटर वाचत फिरले. जिन्याखाली वाकायचं, काच पुसायची, आकडा लिहायचा. आकडा दिसला नाही तर "दिसला नाही" असं लिहायचं. बाकीचे लोक गेल्या महिन्यावरून अंदाज ठोकून मोकळे व्हायचे. भावजींनी अंदाज कधी केला नाही. लग्नाच्या वेळीही मुलगी नीट दिसली नाही, असं प्रत्येक ठिकाणी कळवत राहिले आणि शेवटी बिनलग्नाचे राहिले. माझे यजमान गेल्यावर ते आमचा गळका नळ बघायला आले. नळ दुरुस्त झाला, भावजी मात्र परत गेले नाहीत.

निवृत्तीनंतर त्यांनी सगळ्या कुटुंबाचे फोटो एका वेबसाइटवर आणायचं मनावर घेतलं. पुतण्याने परदेशातून सुचवलं की अशा कंपन्या असतात, पैसे भरले की त्या फोटो सांभाळतात. भावजी म्हणाले, आपली माणसं परक्याच्या घरी ठेवायला कशाला द्यायची? त्यांनी एक जुना कॉम्प्युटर मिळवला, पुस्तकं वाचून वाचून त्यालाच सर्व्हर केलं आणि माझ्या स्वयंपाकघरात फ्रीजवर बसवला, कारण तिथेच प्लग रिकामा होता. मी इस्त्री लावली की फ्यूज उडायचा आणि जगभरातल्या आमच्या नातेवाइकांचे फोटो बंद पडायचे. पुतणीचा फोन यायचा, "काकू, अजून किती कपडे राहिलेत?"

या वेबसाइटची रीत सोपी आहे. प्रत्येक फोटोखाली काही शब्द असतात, त्यांना टॅग म्हणतात. "बादली" या शब्दावर बोट ठेवलं की बादली असलेले सगळे फोटो समोर येतात. "बादली" आणि "बाई" असे दोन शब्द दिले की बादली घेतलेल्या बायाच तेवढ्या उरतात. कोणीही शहाणा माणूस इथे आजोबा, मावशी, लग्न, बारसं असं लिहील. भावजींनी तसं काही लिहिलं नाही. नाव फोटोत दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. नातंही दिसत नाही. पुतणीने आपल्या लग्नाचे फोटो शोधले, तर लग्न नावाचा टॅगच नव्हता. भावजींनी तिला शांतपणे समजावलं की लग्न दिसत नाही, घामेजलेली माणसं दिसतात. तिला तिचं लग्न "घाम" खाली सापडलं. चुलत सासरे तर महिनाभर बोलत नव्हते, कारण त्यांच्या फोटोखाली आधी "पोट" होतं आणि मग "माणूस".

आम्ही हसून सोडून देत होतो. मग वन्सं राहायला आल्या.

वन्सं म्हणजे भावजींची मोठी बहीण, माझी नणंद. त्यांचे यजमान जाऊन काही वर्षं झाली होती. एकदा भाजी निवडता निवडता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, ह्यांचा चेहरा येत नाही गं आता. पाठ येते, खोकला येतो, चालणं येतं. चेहरा येत नाही."

त्यांच्याकडे एकही फोटो नव्हता, कारण त्यांचे यजमान प्रत्येक फोटोत नेमके डोळे मिटायचे. फोटो बिघडला म्हणून तो अल्बमात लागायचा नाही, कुठल्या तरी डब्यात पडायचा. ओळखपत्रावरचा एक होता, तो घर बदलताना गेला. नातेवाइकांचे सगळे डबे भावजींनी उपसून स्कॅन केले होते, म्हणजे वन्संचे यजमान, भावजींचे मेहुणे, आमच्या फ्रीजवर कुठेतरी होते हे नक्की. मी एक दुपार बसून एकेक फोटो पुढे सरकवला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी बादल्यांच्या पुढे गेले नाही.

भावजींना विचारलं, तुम्हाला स्कॅन करताना मेहुणे दिसले असतीलच ना?

"दिसले असतील," ते म्हणाले. "मी चेहरे बघत नव्हतो वहिनी. काय दिसतंय ते बघत होतो."

शेवटी भावजी फ्रीजजवळ स्टुलावर बसले आणि बहिणीला समोर बसवून जबानी घेऊ लागले. मेहुणे दिसायला कसे होते ते सांग. वन्सं म्हणाल्या, शांत होते. शांतपणा दिसत नाही, भावजी म्हणाले, पुढे. वन्सं म्हणाल्या, माझ्यावर फार जीव होता त्यांचा. भावजींनी तेही घेतलं नाही. मग मान जराशी कललेली असायची, असं त्यांना आठवलं. "कललेली मान" टाकल्यावर एक फुलदाणी, दोन शेळ्या आणि पेंगलेल्या आत्याबाई आल्या. वन्सं चिडल्या. म्हणाल्या, "तू मीटर वाचत होतास की चोर पकडत होतास?" आणि उठता उठता पुटपुटल्या की एवढं वय झालं तरी त्या माणसाच्या डाव्या बुटाची नाडी कधी बांधलेली नसायची, मीच वाकून बांधायचे.

"बस," भावजी म्हणाले.

त्यांनी "सुटलेली नाडी" लिहिलं आणि त्याला "मिटलेले डोळे" जोडलं. पडदाभर मेहुणे आले. समुद्रासमोर झोपलेले, केक कापताना झोपलेले, कडेवर बाळ घेऊन झोपलेले, आगगाडीच्या दारात उभ्याने झोपलेले. वन्संनी तोंडावर हात ठेवला. मला आधी वाटलं रडताहेत, पण त्या हसत होत्या आणि हसता हसता खुर्ची घट्ट धरून होत्या.

भावजींना वाटलं, आता उघडे डोळे शोधून दिले की काम पुरं. त्यांनी "मिटलेले डोळे" काढून "उघडे डोळे" घातलं. एकच फोटो आला. तीच सुटलेली नाडी, गालावर तोच तीळ आणि सताड उघडे डोळे.

वन्संनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "हे कोण?"

मी म्हटलं, वन्सं, हेच तर तुमचे.

"छे. हा घाबरलेला कोणी दुसराच आहे. बंद कर तो." त्यांनी आगगाडीतला फोटो परत आणायला लावला, जवळ सरकून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "ह्याच्याखाली लिही, माझा माणूस."

भावजी म्हणाले, ताई, ते दिसत नाही.

"मला दिसतं."

"मग तू लिही. माझ्या हातून नाही व्हायचं."

त्यांनी बहिणीला वेगळा पासवर्ड करून दिला. वन्सं एका बोटाने अक्षरं शोधत बसल्या. आमचा चहा होऊन कप विसळून झाले तेव्हा कुठे "माझा माणूस" पुरं झालं. मग त्यांना थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नाही. रोज सकाळी त्या फ्रीजसमोर बसतात. ग्रुप फोटोच्या कडेला नुसता एक बूट आला असेल तरी त्याखाली लिहितात. आठवड्यापूर्वी ताटावरून हात धुवायला उठता उठता मला सांगितलं, "आता चेहरा येतो गं. डोळे मिटलेलाच येतो, पण येतो."

परवा मात्र त्यांनी एका रिकाम्या खुर्चीखाली तेच लिहिलं. अंगणातली वेताची खुर्ची, मागे भिंत, बाकी काही नाही. भावजींनी भिंग आणून फोटो वरपासून खालपर्यंत तपासला.

"ताई, इथे कोणीही नाही."

"आत्ताच उठलेत," वन्सं म्हणाल्या. "गादी बघ की, अजून दबलेली आहे."

भावजींनी पुन्हा भिंग लावलं. गादी खरंच दबलेली होती. त्यांनी बहिणीचा शब्द खोडला नाही. त्याच्या शेजारी "दबलेली गादी" एवढं लिहिलं आणि स्टुलावरून उतरले.