डाव्या वळणावर मरणारी गाडी

आबांना फुरसं चावलं तेव्हा आम्ही दोघं भाताचे भारे उचलत होतो. माझे वडील बोंब मारणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी घोट्याकडे बघितलं आणि म्हणाले, "फुरसा हाय रे. गाडी काढ." वाडीतली एकुलती एक जीप मुंबईकरांना सोडायला गेलेली, फोनला रेंज नाही. उरली माझी जुनी मोटरसायकल. सापावरचं इंजेक्शन महाडला मिळतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. आणि फुरशाच्या विषाने हिरड्यांतून रक्त यायला लागलं की पुढे काय होतं, तेही.

वरंधकडे घाट उतरताना डाव्या वळणावर गाडी मेली. आचका नाही, फुरफुर नाही, एकदम चूप. उतार होता म्हणून गडगडत वळण पार झालं आणि सरळ रस्त्याला ती आपोआप सुरू झाली. मी देवाचे आभार मानतोय तोवर पुढच्या डाव्या वळणाला परत गेली. समोरून खडीचा डंपर. कसाबसा ब्रेक दाबला, कठड्याला घासून थांबलो. डंपर घाट चढत निघून गेला.

आबांना कठड्यावर बसवलं. पाय पोटरीपर्यंत सुजला होता.

"हिरड्या बघू द्या," मी म्हटलं.

"आदी गाडी बघ," ते खेकसले आणि ओठ घट्ट मिटून बसले.

पेट्रोल होतं. हॉर्न वाजत होता, म्हणजे बॅटरी ठीक. गाडी स्टँडला लावली, प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि हाताने किक दाबली. ठिणगी नाही. घाईत प्लग निसटून मातीत पडला. भीतीने माणसाचं डोकं चालत नाही म्हणतात. माझं नको तितकं चालत होतं, आबांच्या तेराव्यापर्यंत जाऊन आलं होतं.

प्लग पुसून पुन्हा वाकलो, तसा खांदा लागून हँडल सरळ झालं. किक दाबली आणि निळी ठिणगी उडाली. हँडल डावीकडे वळवलं, ठिणगी गायब. सरळ केलं, हजर.

हेडलाइटच्या मागे हात घातला तर बोटाला तार टोचली. दसऱ्याला आबांनीच माझ्या गाडीला लिंबू-मिरची बांधली होती. दोरा घाटातल्या वाऱ्यात टिकत नाही म्हणून त्यांनी कुंपणाची तार घेतली, आणि पक्कं बसावं म्हणून वायरींभोवती चांगले पीळ घातले. रोजच्या वळणांत घासून घासून तारेचं टोक एका वायरच्या रबरात घुसलं होतं. हँडल डावीकडे गेलं की तार गाडीच्या सांगाड्याला टेकायची आणि चावी बंद केल्यासारखं इंजिन मरायचं.

तार उपटली, वायरीला पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलं, प्लग बसवला. एका किकमध्ये गाडी लागली.

"काय व्हतं रे?"

"प्लगात कचरा," मी म्हटलं आणि लिंबू त्यांच्या नकळत दरीत टाकलं. तुमच्याच हाताने बांधलेलं तुमच्या जिवावर उठलं होतं, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

सगळ्या वाटेने मी "आबा" म्हणायचो, ते "हां" म्हणायचे. शेवटी शेवटी "हां" येईनासा झाला. मागे हात नेऊन त्यांचं मनगट धरलं आणि एका हाताने गाडी चालवत महाडला पोचलो. दवाखान्यात डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं. दात लाल होते. घाटातही लालच असणार.

ते वाचले. घरी न्यायला चुलत्यांनी गाडी आणली होती, दार उघडून उभे होते. आबा लंगडत माझ्या मोटरसायकलकडे आले आणि मागे बसले. मला किकवर पाय ठेवता येईना. पुढे तोच घाट होता, तीच वळणं.

मागून खांद्यावर हात पडला. "भिऊ नको रे," आबा म्हणाले, "मी हाय ना."

मी रडतच किक मारली.