नानांच्या जाळीचं आयुष्य

आमच्या अलिबागच्या ऑफिसात फायलींना वाळवी लागते, किश्शांना नाही. पेटंटची कामं करणाऱ्यांकडे यंत्रांच्या गोष्टी असतील असं लोकांना वाटतं. आमच्याकडे साठतात त्या आयुष्य मोजण्याच्या. साळवी मॅडम पेटंट एजंट, मी त्यांची असिस्टंट, आणि सगळ्यात जास्त किस्से नागावच्या रघुनानांचे.

नानांची सुपारीची वाडी. सुपारी सोलायच्या मशिनच्या पात्यापर्यंत हात पोचू नये म्हणून त्यांनी एक जाळी बनवली आणि तिचं पेटंट घेतलं. नाना आले की ऑफिसात हसू असतं. ते गेले की मला बराच वेळ काम सुचत नाही.

*

सर्टिफिकेट आल्याचं कळलं तसे नाना पेढे घेऊनच आले. आता वीस वर्षं निवांत, म्हणाले. मॅडमनी हळूच सांगितलं, वीस वर्षं मोजायची ती अर्ज केला त्या तारखेपासून. मंजुरीला लागलेली चार वर्षं त्यातच धरायची.

नानांनी पेढ्यांचा खोका बंद केला.

‘‘म्हंजे बारशालाच पोरगं चार वर्षांचं!’’

मग स्वतःच हसले आणि खोका परत उघडला.

*

पेटंट जिवंत ठेवायला दरवर्षी फी भरावी लागते. नाही भरली, तर वीस वर्षं व्हायच्या आधीच ते संपतं, आणि मग ती वस्तू कुणीही बनवू शकतं. आणि जसजसं ते जुनं होतं, तसतशी फी वाढते. नानांना हे काही पटेना. त्यांचं म्हणणं, माड मोठा झाला की पाणी कमी मागतो, तुमचा हा कसला माड?

मॅडम म्हणाल्या, ‘‘नाना, सरकार दरवर्षी एकच विचारतं, हे अजून तुम्हाला हवंय का?’’

नाना उठले. जाताना दारात थांबून म्हणाले, ‘‘बरं हाय. आमाला असं कोनी इचारत न्हाय.’’ त्या दिवशी मॅडमनीही फायली लवकर मिटल्या.

*

पुढे नानांनी त्याच जाळीला स्प्रिंग लावली, म्हणजे ती आपोआप बंद होते. अशा सुधारणेला जोडपेटंट मिळतं. नाना त्याला ‘धाकटा’ म्हणायचे. धाकट्याची वेगळी फी नसते, हे कळल्यावर त्यांचा मुलगा दिनेश खुर्चीत पुढे सरकला. हिशेबी माणूस. मोठ्याची फी बंद करू, धाकट्यावर भागवू, फुकटात काम!

मॅडमनी मान हलवली. मोठा ज्या दिवशी संपेल त्या दिवशी धाकटाही संपतो, असा कायदा आहे.

‘‘त्याला वेगळी खोली काढून नाही देता येत?’’ दिनेशने विचारलं. घरात तो स्वतः धाकटा, त्यामुळे नाना पोट धरून हसले.

*

जाळीचं एक पेटंट श्रीलंकेतही घेतलं होतं. एकाच शोधाची अशी देशोदेशीची पेटंटं म्हणजे एक कुटुंब. पण प्रत्येक देशाची फी वेगळी आणि आयुष्यही वेगळं. तिकडची फी दिनेशने परवडत नाही म्हणून सोडली आणि तिकडचं पेटंट गेलं. नाना घाबरून धावत आले, इथलंही गेलं का म्हणून. नाही गेलं, म्हटल्यावर टेकले.

‘‘ह्ये कुटुंब शहाणं हाय. आमच्याकडं एकाचं बिनसलं की सगल्यांचं बिनसतं.’’

हा टोला कुणाला होता ते नागावात सगळ्यांना माहीत आहे. चुलतभाऊ विश्वास. वाडीच्या कुंपणावरून दोघांचं बोलणं कधीचंच बंद आहे.

*

विश्वासचा मशिनं बनवायचा कारखाना. साधं मशिन कुणीही बनवावं, त्यावर कुणाचा हक्क नाही. पण त्याने त्याला नानांसारखी जाळी बसवली. दिनेशने आमच्याकडून नोटीस पाठवली, विश्वासने जाळ्या काढून टाकल्या आणि मशिनं उघडीच विकायला लागला. आम्ही केस जिंकल्यासारखा चहा प्यायलो.

पुढच्या हंगामात विश्वासच्या सुनेचं बोट पात्यात गेलं.

नाना एकटेच आले. म्हणाले, यंदा फी भरू नका. मी सांगून पाहिलं, पेटंट राहू दे, विश्वासकाकांना फुकट परवानगी देऊ.

‘‘परवानगी म्हंजे त्याला माज्याकडं मागाया यावं लागंल. तो न्हाय यायचा. मी बी न्हाय गेलो असतो.’’

मॅडमनी फी भरली नाही. उशिराने भरायची मुदतही गेली. मोठा गेला आणि त्याच्याबरोबर धाकटाही.

*

दिनेशला कळायला बरेच महिने लागले. फी चुकून राहिली असेल, तर दीड वर्षाच्या आत पेटंट पुन्हा जिवंत करता येतं. तो नानांना घेऊनच आला. अर्ज मी तयार ठेवला होता. ‘‘नजरचुकीने भरायची राहिली,’’ असं मी वाचून दाखवलं. खाली फक्त नानांची सही हवी होती.

नानांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि दिनेशकडे बघितलं.

‘‘काल विश्वासच्या कारखान्यावरनं आलास ना?’’

‘‘व्हय.’’

‘‘मशिनं बाहेर मांडलेली असतील.’’

‘‘हायत.’’

‘‘जाळी हाय काय?’’

दिनेशने टेबलावरच्या अर्जाकडे बघितलं. मग म्हणाला, ‘‘हाय. सगल्यांना.’’

नानांनी पेनाला टोपण लावलं.

‘‘चल मग. बस चुकंल.’’