काऊन आणि कशाला

दहाच्या चहाला मी अजूनही कॅन्टीनमध्ये जातो, पण खरं सांगू, त्यात मजा राहिली नाही. चहा तोच आहे, जास्त उकळलेला, गोडमिट्ट. समोर बसून माझं डोकं खाणारा माणूस तेवढा नाही. गडचांदूरकडच्या या सिमेंट कारखान्यात मी कार्मिक विभागात कारकून, तो पॅकिंगमध्ये. दोघंही ब्रह्मपुरीकडचे, आमच्या गावांच्या मध्ये फक्त एक तलाव. इतक्या लांब येऊन आपल्या बोलीत भांडायला माणूस मिळणं म्हणजे काय, ते घर सोडलेल्यालाच कळेल.

भांडायचा तो राजकारणावरून. "काऊन बे, पेपर वाचून राह्यला का नुसता चाळून राह्यला?" अशी सुरुवात; आमच्याकडे 'का'ला काऊन म्हणतात. मी एका पक्षाचा म्हटलं की हा दुसऱ्याचा, मी पलटलो की हाही पलटणार. लेकाला जिंकायचं नसायचंच, माझ्या तोंडून काहीतरी वदवून घ्यायचं असायचं.

एका निवडणुकीच्या आधी गेटवर नोटीस लागली. ती मीच टाइप केली होती. आवारात प्रचार करू नये, पत्रकं वाटू नयेत, पक्षाचे दुपट्टे घालून कामावर येऊ नये. मी उत्साहाच्या भरात 'राजकीय चर्चा करू नये' असंही एक वाक्य घुसवलं होतं. आमच्या अधिकारी मॅडम पुण्याकडच्या, कायद्याला पक्क्या. त्यांनी ते खोडलं. म्हणाल्या, "चहा पिताना माणसं बोलणारच. कुणाचं मत काय, गेटबाहेर कोण कुणाच्या सभेला जातो, हा आपला विषय नाही. आवारात प्रचार नको, कामात खोळंबा नको, आणि नियम सगळ्यांना सारखा."

आठवडाभरात तक्रार आली, ती नेमकी याच्याच नावाची. शेजारच्या टेबलावरच्या एका सुपरवायझरनं लिहून दिलं होतं की हा कॅन्टीनमध्ये उमेदवाराविरुद्ध उघड प्रचार करतो. त्या सुपरवायझरच्या स्वतःच्या हेल्मेटवर त्याच उमेदवाराचं स्टिकर! मॅडमनी आधी ते काढायला लावलं. मग मला बोलावून म्हणाल्या, "हा काय बोलला ते नेमक्या शब्दांत हवं. आरोपपत्र मोघम चालत नाही. टेबलावर तुम्ही होतात ना?"

होतो. मी जबाब लिहिला, चांगल्या वळणदार अक्षरात. 'गावाच्या तलावाचा गाळ काढला नाही. मग त्याला मत कशाला द्यायचं, असे ते म्हणाले.' खाली सही. घाबरलो होतो हे खरं, पण तसं लिहिलं ते काही भीतीनं नाही. ऑफिसची भाषा शुद्ध असली पाहिजे याचा मला भारी माज. वीस वर्षं घासून घासून मी माझ्या जिभेवरचं गाव काढलं होतं, आणि त्याच हातानं त्याचंही बोलणं धुऊन टाकलं. डोक्यात काय शेण भरलं होतं माझ्या, देव जाणे.

आरोपपत्र निघालं. साहेबलोकांशी वाद घातल्याच्या दोन ताकिदी त्याच्या फाइलला आधीच होत्या. हेही सिद्ध झालं तर नोकरी जाणार, हे त्याला ठाऊक होतं. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, धाकटी मुलगी अजून कॉलेजात. त्या दिवसांत तो चहाला आलाच नाही. मी दोन कप घेऊन बसायचो, मूर्खासारखा.

चौकशीत मॅडमनी माझा जबाब वाचून दाखवला आणि त्याला विचारलं, "असं म्हणालात?"

"नाई," तो म्हणाला. "कशाला नाई म्हटलो मी. काऊन म्हटलो."

"फरक काय त्यात?"

"फरक नाई कसा? कशाला म्हटलं का माणसानं नाई म्हणून ठरवूनच टाकलं. काऊन म्हंजे मी पुसून राह्यलो. त्याले मत काऊन द्याचं, सांग ना, असं म्हटलो मी." मग त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "याले पुसून राह्यलो होतो, मॅडम. बाकी कोणाले नाई. यानं अजून सांगितलं नाई."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "नेमका शब्द कोणता होता?"

"काऊन," मी म्हणालो. त्या खोलीत इतक्या वर्षांत तो शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला. कान तापले माझे. "आणि सांग ना. तेही राहून गेलं माझ्याकडून."

त्यांनी दोन्ही शब्द नोंदवले. मित्राला प्रश्न विचारणं म्हणजे प्रचार नव्हे, असा शेरा लिहिला, आरोप रद्द केला आणि तसं त्याला लेखी कळवलं. नोकरी वाचली! मी जवळजवळ धावतच पॅकिंगला गेलो. म्हटलं, आता हा मनसोक्त शिव्या घालील, आणि मग जाऊ चहाला. त्यानं नाकावरचा मास्क खाली केला.

"धन्यवाद, साहेब," म्हणाला.

मला वाटलं, थट्टा करतोय. थट्टा नव्हती. पुढची तीन वर्षं तो माझ्याशी असाच बोलला. "मला दोन दिवसांची रजा हवी आहे." "अर्ज कुठे द्यायचा?" कुठून शिकला कुणास ठाऊक. एकेक शब्द असा मोजून टाकायचा की कुणी लिहून घेतला तरी अडकू नये. बाकी अख्ख्या कारखान्यात तो पूर्वीसारखाच बोलायचा, हसायचा, वाद घालायचा. ही शुद्ध भाषा फक्त माझ्यासाठी होती. रोज ऐकायचो आणि रोज तुटायचो.

निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ झाला. मी त्याच्या मागोमाग गेटपर्यंत गेलो. मॅडम होत्या, सगळे उभे होते, आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडून निघून गेलं, "जाऊन राह्यला का बे? माह्यासंग चहा तं पिऊन जा."

तो थांबला. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"उशीर होतोय, साहेब," तो म्हणाला. "येतो मी."