जावईबापूंचं वळण

करमणुकीच्या बागेतल्या बोटीच्या कप्तानाला पोहता येत नाही, हे बागेत कामाला असलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याची काळजी कोणालाच नव्हती. एक तर पाणी कमरेइतकंच होतं. दुसरं म्हणजे कप्तान बोट चालवत नव्हता.

पाण्याखाली लोखंडी रूळ होता. बोट त्या रुळाला अडकवलेली असे आणि घाण्याच्या बैलाच्या निष्ठेने त्याच वाटेने फिरून धक्क्याला परत येई. रूळ दिसू नये म्हणून पाण्यात हिरवट-तपकिरी रंग कालवत. हे काम मिस्त्रीकडे होतं. त्याचे हात कोपरापर्यंत कायम शेवाळल्यासारखे दिसत आणि त्याने केलेला चहा कोणी घेत नसे. कप्तानाच्या पुढ्यात पितळी कडेचं मोठं चाक होतं. ते तो रोज सकाळी घासूनपुसून लखलखीत करी. ते कशालाही जोडलेलं नव्हतं.

असल्या सफरींना शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. परंपरा म्हटलं की माणूस आदराने सावरून बसतो, पण मूळ प्रकार अगदी साधा होता. जत्रांमधून अंधारे कालवे बांधत, त्यांत नावा सोडत. एक चक्री पाण्याला ढकले, पाणी नावेला ढकले, आणि नावेतली जोडपी बाहेर येईपर्यंत जगाच्या नजरेआड असत. आत पाहण्यासारखं काही नसे, हीच मोठी सोय. पुढे कोणाला तरी ही सोय खुपली असावी. आत दिवे आले, देखावे आले, मान हलवणारे हत्ती आले आणि शेवटी हे सगळं समजावून सांगायला टोपीवाला माणूस आला. गर्दी मात्र हटली नाही. माणसाला मनापासून घाबरायचं असतं, फक्त जेवायच्या वेळेला घरी पोचायचं असतं. रुळावरची बोट दोन्ही पुरवते.

या बागेत सुरुवातीला कप्तानाला जे बोलायला दिलं होतं, ते शाळेच्या पुस्तकातून उतरवल्यासारखं होतं. ‘पाणघोडा हा शाकाहारी प्राणी असून तो दिवसाचा बराचसा वेळ पाण्यात व्यतीत करतो.’ हे ऐकताना माणसं मगरींचा देखावा यायच्या आधीच पेंगायची. कप्तानाला शांतता सोसत नसे. घरी तो खिडकीशी उभा राहून जेवायचा, घास चावता चावता दारापर्यंत जाऊन यायचा. बायको म्हणायची, "पायाला भिंगरी लावून जन्माला आलेत. अन् नोकरी कुठे मिळाली, तर गोल फिरायची." अशा माणसाने ते भाषण किती दिवस सहन करायचं? त्याने ते हळूहळू मोडून खाल्लं आणि त्या जागी आपलं भरलं.

त्यातला कळसाचा प्रयोग होता पाणघोड्याच्या वळणावर. पाणघोडा यंत्राचा होता. बोट वळणाशी आली की उजवीकडे पाण्यातून वर येई, आ वासे आणि काहीही न बोलता खाली जाई. कामगार त्याला जावईबापू म्हणत. कप्तान त्याच्याकडे हात करून ओरडे, "घाबरू नका मंडळी, हे आपल्या घरचेच आहेत!" आणि घसकन चाक उजवीकडे, थेट जावईबापूंच्या तोंडाकडे फिरवी. बोटीत हलकल्लोळ. रुळावरची बोट अर्थातच डावीकडे वळे. कप्तान कपाळाचा घाम पुसे. "सुटलो! बायकोची पुण्याई!" टाळ्या. लोक पुन्हा तिकीट काढून यायचे, ते या चुकीच्या वळणासाठी.

बायको मात्र कधी आली नव्हती. "पुण्याई माझी, टाळ्या तुम्हाला. मी कशाला येऊ?"

एका सकाळी मॅनेजरबाई धक्क्यावर आल्या. बाई नवीन होत्या. बोलताना चालायच्या, त्यामुळे कप्तानाला त्या आवडल्या होत्या.

"कप्तान, रूळ गंजलाय. नवा टाकायचा नाही असं वर ठरलंय. रूळ काढायचा, बोट मोकळी सोडायची. चाक खरं जोडायचं."

"कशाला?" कप्तान म्हणाला.

"कशाला म्हणजे? बोट वळवायला."

मिस्त्री हसू लपवायला रंगाच्या पिंपात डोकावू लागला.

"परीक्षा द्यावी लागेल," बाई म्हणाल्या. "बोट माणसांनी भरायची, नेहमीसारखं बोलत फेरी मारायची, कशालाही धक्का लावायचा नाही. दोनदा संधी. नाही जमलं, तर तिकीटखिडकीत जागा आहे. छान फिरती खुर्ची आहे."

कप्तानाच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची आली. ती फिरायची खरी, पण तिच्यात बसावं लागायचं. काचेला अर्धचंद्राएवढं भोक, त्यातून बाहेर जाणारा आपला हात, आणि उरलेला आपण दिवसभर आत. खिडकीत आधी बसणाऱ्या माणसाचं पोट टेबलाला टेकून टेकून त्याला आडवी खाच पडली होती. त्या दिवशी कप्तान घरी आला तो बसलाच नाही.

रूळ निघाला. चाकाला साखळ्या जोडल्या. बाग उघडण्याआधी कप्तान आणि मिस्त्री रिकामी बोट घेऊन सराव करू लागले. पहिल्या दिवशी हत्तीच्या सोंडेला घासली, दुसऱ्या दिवशी बांबूच्या बेटात शिरली. मग मात्र हात बसला. मिस्त्री मागून नुसतं "हं… हं…" करी आणि बोट सुईत दोरा ओवावा तशी वळणावळणांतून निघे.

"अरे, तुला येतंय की!" मिस्त्री म्हणाला. "इतकी वर्षं उगाच नाटक केलंस."

परीक्षेच्या दिवशी बोट भरायला कामगारांच्या घरची माणसं बोलावली. कप्तानाची बायकोही आली. "वजन म्हणून बोलावलंय मला," ती शेजारणीला म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या वजनाची किंमत केली." ती अगदी पुढे, चाकाजवळ बसली. मॅनेजरबाई उभ्याच होत्या.

कप्तान रंगात आला. मगरींपाशी हशा, हत्तीपाशी हशा. बोट वळणाशी पोचली, उजवीकडे पाणी फुगलं, जावईबापूंनी आ वासला.

"घाबरू नका मंडळी, हे आपल्या घरचेच आहेत!"

आणि हातांनी ते केलं, जे ते वर्षानुवर्षं करत आले होते.

या वेळी चाक खरं होतं. बोटीचं नाक सरळ जावईबापूंच्या तोंडात गेलं. कडकन आवाज झाला, वरचा जबडा निखळून कप्तानाच्या पायाशी पडला आणि उरलेलं धड तसंच वर-खाली होत राहिलं.  मग बोटीत अशा टाळ्या पडल्या की धक्क्यावरची माणसं धावत आली.

"सुटलो म्हणा ना," मागून कोणीतरी ओरडलं.

कप्तान चाकाला धरून उभा होता. मॅनेजरबाईंनी जबडा उचलून बाजूला ठेवला. "एक संधी राहिली," त्या म्हणाल्या. "हा आधी जोडून घ्या."

मिस्त्री जबडा जोडत होता तेवढे दिवस कप्तानाच्या घरातल्या येरझारा वाढल्या. सरावात बोट बिनचूक जाई, त्यामुळे तर डोकं जास्त भणभणे. एका संध्याकाळी तो तीच कहाणी बायकोला पुन्हा सांगत होता. हातात भाताच्या पातेल्यावरचं झाकण.

"सगळं बरोबर चाललं होतं. पाणी फुगलं, मी म्हटलं, घाबरू नका मंडळी, हे आपल्या घरचेच…"

"थांबा," बायको म्हणाली. "झाकण बघा."

झाकण उजवीकडे गर्रकन फिरलं होतं.

"सरावाला बोलता का तुम्ही?"

"मिस्त्रीला काय सांगायचं? त्यानेच रंगवलेत ते सगळे प्राणी."

"मग झालं तर. तुमचे हात तोंडाला बांधलेत. तोंड सुटलं की हात सुटतात. तिथे गप्प बसा."

"गप्प? जावईबापूंच्या वळणावर? अगं, लोक त्यासाठीच येतात!"

"मी लग्न झाल्यापासून सांगतेय गप्प बसा. कधीतरी उपयोगी पडेल, वाटलंच होतं." आणि तिने झाकण त्याच्या हातातून काढून घेतलं.

दुसऱ्या परीक्षेला तीच माणसं आली. काही जण मुद्दाम टक्कर बघायला आले होते. कप्तान मगरींपाशी बोलला, हत्तीपाशी बोलला आणि वळण दिसू लागताच मिटला. ओठ आत ओढून घेतले. बोटीत एकदम नुसता मोटारीचा आवाज राहिला. त्या वळणावर इतकी शांतता कोणी कधी अनुभवली नव्हती. पाण्याखाली जावईबापूंची बिजागरी कुरकुरत वर येते, हेही पहिल्यांदाच ऐकू आलं.

"काय झालं? हा बोलत का नाही?"

"बोट सुटली वाटतं हातातून."

मिस्त्रीने बाकाची कड धरली. पाणी फुगलं. जोडलेला जबडा उघडला. कप्तान तोंड मिटून नुसता बघत होता आणि त्याची बोटं चाकाच्या कडेवर पांढरी पडली होती. ते पाहिल्यावर बोटीत जी किंकाळी उठली, ती चुकीच्या वळणाला कधी उठली नव्हती. कप्तानाने चाक डावीकडे घेतलं. बोट जावईबापूंच्या दातांजवळून, मधे जेमतेम हात जाईल एवढं अंतर ठेवून, निघून गेली. बायको ओरडली नाही. तिने डोळे घट्ट मिटले होते.

"पास," धक्क्याला लागल्यावर मॅनेजरबाई म्हणाल्या. "आणि ते गप्प बसणं तसंच राहू द्या. फार छान बसवलंय."

"बसवलेलं नाही ते," कप्तान म्हणाला. तोवर बाई पुढे गेल्या होत्या.

वळणावरच्या शांततेची कीर्ती झाली, रांग वाढली. कप्तान आता पास झालेला, खऱ्या चाकाचा कप्तान होता. तो कुठेतरी टेकेल अशी बायकोची आशा होती.

"उद्या वारा असेल का गं?" खिडकीशी उभा राहून तो विचारू लागला.

"इतकी वर्षं कधी विचारलं नाहीत ते."

"इतकी वर्षं रूळ होता. वारा आला काय, गेला काय." त्याने हात बाहेर काढून पाहिला. "उजवीकडून वाहतोय. वळणावर थोडं आधी घ्यावं लागेल. आणि पुढच्या बाकावर एखादा जाडा बसला, तर मग किती घ्यायचं?"

"जेवा आधी."

"जेवतो. जरा बागेतल्या पाण्याशी जाऊन बघून येतो."

तो जिन्यावरून उतरल्याचा आवाज आला. बायकोने त्याचं ताट टेबलावरून उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, वर झाकण घातलं आणि बाहेर हात काढला. वारा उजवीकडूनच होता.