अथणीकर सरांचा संघ आणि माझा मुलगा

प्रा. दत्तात्रय अथणीकर सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते भर उन्हात गुडघ्यांवर बसून सिमेंटच्या मैदानावर खडूने रेघा आखत होते. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात व्हॉलीबॉलचा प्रशिक्षक म्हणून मी त्या दिवशी रुजू होणार होतो. हातात नेमणुकीचा कागद, अंगात इस्त्रीचा शर्ट. मी नाव सांगितले.

"माने? म्हणजे मराठी. गाव कुठलं वो?"

"निपाणी."

"मग आपलंच माणूस की! हे टोक धरा जरा."

आणि दोरीचे एक टोक त्यांनी माझ्या हातात दिले. बास्केटबॉलच्या मैदानाची मधली रेघ सरळ यावी म्हणून मी घाम पुसत कितीतरी वेळ उभा होतो. बेंगळुरूतल्या माझ्या नोकरीची सुरुवात अशी दुसऱ्याच्या खेळाची सेवा करण्यात झाली, आणि पुढेही फारसे वेगळे घडले नाही.

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त त्यांचे माजी खेळाडू हा गौरवग्रंथ काढत आहेत. विभागातला दुसरा मराठी माणूस म्हणून त्यांनी मला गाठले. मी त्यांना स्पष्ट सांगितले की मी सरांवर आयुष्यभर जळत आलो आहे. त्यांना ती गंमत वाटली. आता हे छापण्याची जबाबदारी त्यांची.

आज आमच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे नाव दक्षिणेत सगळीकडे आदराने घेतले जाते. सर आले तेव्हा संघ म्हणावा असे काही नव्हतेच. स्पर्धा तोंडावर आली की निरनिराळ्या महाविद्यालयांतून उंच मुले गोळा करायची, एका रंगाचे बनियन वाटायचे आणि यशवंतपूर स्टेशनवर गाडीत बसवून द्यायचे, अशी रीत होती. मुलांना एकमेकांची नावेसुद्धा ठाऊक नसत. पहिला सामना हरून मंडळी परत येत. सरांनी वर्षभराचा सराव सुरू केला. शहराच्या पार टोकाच्या येलहंक्याकडची मुले बस बदलत बदलत येत. उशीर झाला की ती बसवनगुडीला सरांच्या घरीच राहत, आणि वहिनी, ज्यांना सगळी मुले अक्का म्हणत, पातेलेभर उप्पीट करून त्यांची वाट पाहत असत. तरीही संघ हरतच होता. बैठकीत वरिष्ठांनी विचारले की एवढा खटाटोप कशासाठी. सर म्हणाले, "आता निदान एकमेकांना ओळखून हरतात."

मग एकदा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. व्यवस्थापक म्हणून मला पाठवले होते. शेवटच्या मिनिटाला आपला संघ पुढे होता आणि माझ्या मनात आले, हे आता हरले तर बरे होईल. विद्यापीठ आपले, मुले आपली, आणि मनात हे! मुले जिंकली. त्यांनी सरांना खांद्यावर घेतले. सरांची मूर्ती लहान असल्याने ते सोपेही गेले. मी खुर्च्यांवरचे टॉवेल गोळा केले.

त्या विजयानंतर बंदिस्त सभागृह मिळाले. सभागृह दोन्ही खेळांचे, असे कागदावर होते. लाकडी फरशी झाली, बास्केट लागल्या, आणि तेव्हा लक्षात आले की व्हॉलीबॉलच्या जाळीच्या खांबांसाठी खळगे ठेवायचे राहूनच गेले आहेत. मला मनातून बरे वाटले, खोटे कशाला सांगू. भांडायला एक चांगले कारण मिळाले होते. मी तक्रार घेऊन निघालो, तर सर आधीच अभियंत्यांपाशी उभे. "कापा फळ्या," ते सांगत होते. ज्या फरशीवर ते कुणाला बूट घालून पाऊल टाकू देत नसत, तीच फरशी त्यांनी माझ्या खांबांसाठी समोर उभे राहून कापून घेतली. मी आभार मानले. रागावण्याची सोयही या गृहस्थांनी ठेवली नाही, हे मात्र मी त्यांना कधीच माफ केले नाही.

माझ्या संघानेही चषक आणले आहेत, हे नम्रपणे नोंदवून ठेवतो. ते सरांच्या चषकांच्या मागच्या रांगेत उभे आहेत. माझ्या साठीला विभागातून एक शाल मिळाली. ती घेताना भांडारपालांनी माझीच सही घेतली.

हे सगळे मी पचवले असते. पण निखिलचे काय?

निखिल माझा मुलगा. चालायला लागला तेव्हापासून मी त्याच्या हातात व्हॉलीबॉल दिला. घराच्या गच्चीवर जाळी बांधली. पोरगा ताडासारखा वाढला आणि मी मनात त्याला माझ्या संघाचा कर्णधारही करून टाकले. महाविद्यालयात गेल्यावर एके संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "बाबा, मी बास्केटबॉलच्या ट्रायल्स दिल्या. सिलेक्ट झालो. सर म्हणाले, आधी बाबांना विचार."

"मग विचारतोयस की सांगतोयस?"

माझ्या पत्नीने त्याला भात वाढला. मी हो म्हणालो, कारण नाही म्हणालो असतो तरी तो गेलाच असता.

सरांच्या सरावाचा एक नेम होता. शेवटी प्रत्येक खेळाडूने लागोपाठ दोन फ्री थ्रो टाकायचे. दोन्ही बास्केटमध्ये गेले तर सुटका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. आणि शेवटच्या मुलाचे होईपर्यंत कुणी घरी जायचे नाही. सगळ्यांनी फरशीवर गप्प बसून राहायचे. त्यानंतरची वेळ माझ्या संघाची असल्याने या नेमाचा सर्वांत जास्त त्रास मला होई. एकदा दाराबाहेर माझी मुले जाळी घेऊन ताटकळत होती आणि आत निखिलचे काही केल्या जमत नव्हते. पहिला जायचा, दुसरा कड्यावर आपटून बाहेर यायचा. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. मला राहवले नाही. मी आत गेलो.

"सर, आज सोडा त्याला. माझीही मुलं थांबलीत."

सरांनी शेजारची जागा हाताने झाडली. "बसा की वो, माने. त्याचं व्हायचंय अजून."

मी बसलो. माझी मुलेही एकेक करून आत आली आणि बसली. अखेर दोन्ही चेंडू जाळीतून खाली पडले आणि सगळे सभागृह ओरडत उठले. निखिलने वळून पाहिले ते सरांकडे. मी सरांना खेटून बसलो होतो. नजर जरा इकडे सरकवली असती तरी पुरले असते.

पुढे निखिल विद्यापीठाच्या संघाचा कर्णधार झाला. मग नोकरी धरावी की शिकावे, हे सरांना विचारून ठरले. लग्नाची मुलगी आधी सरांना दाखवून झाली. मला प्रत्येक गोष्ट कळत गेली, पण ठरून गेल्यावर. घरी मी कुरकुर केली की पत्नी म्हणे, "चांगल्याच माणसाला विचारतोय ना?" दुखणे नेमके तेच होते. माणूस वाईट असता तर मी मुलाला चार शब्द सुनावले असते.

गेल्या वर्षी सूनबाई बाळंतपणासाठी माहेरी धारवाडला गेल्या होत्या. निखिलही तिकडेच होता. मी सकाळपासून फोन हातात धरून बसलो होतो. चहासुद्धा डाव्या हाताने घेतला. फोन वाजला. सर होते.

"अभिनंदन, माने! आजोबा झालासा की! लक्ष्मी आली!"

"कधी?" मी विचारले. सरांच्या ध्यानात आले असावे.

"त्याला तुमचा फोन लागेना म्हणे," सर घाईघाईने म्हणाले. "रेंज नसंल तिकडं. ठेवतो मी. येईलच त्याचा."

रेंज भरपूर होती. लगेच पुन्हा फोन वाजला. "बाबा! मुलगी झाली!" निखिल ओरडला. आणि मीही, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा, त्याच्याहून मोठ्याने ओरडलो. पत्नी स्वयंपाकघरातून धावत आली.

नात आता रांगते आहे. अजून तिची पहिली पावले, शाळा, आजारपणे, सगळे व्हायचे आहे, आणि निखिलचा पहिला फोन बसवनगुडीला सरांकडेच जाणार हे मी धरून चाललो आहे. मला ते सलते. या वयात ते जाईल असेही वाटत नाही. म्हणूनच अथणीकर सरांना उदंड आयुष्य लाभावे, त्यांचे गुडघे आणि कान ठणठणीत राहावेत, असे मी अगदी मनापासून मागतो. फोन वाजेल तेव्हा तो उचलायला सर असले पाहिजेत. कारण बातमी ऐकून झाल्यावर "बाबांना सांगितलंस का?" असे माझ्या मुलाला विचारणारे दुसरे कुणी नाही.